पियानोवर मींड : तैवानच्या शिनचूमधल्या चार महिन्यांच्या नोंदी

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

चांद्र नववर्षाची सुट्टी संपली, ऑफिस सुरू झालं, आणि आज क्लासला गेले तर लाओशींनी, म्हणजे माझ्या पियानोच्या बाईंनी, बॉम्बच टाकला. १६ जूनला विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे आणि मला एकटीला पंचवीस मिनिटं दिलीयत. मी म्हटलं शोपँ वाजवते, येतंय थोडंफार. त्या म्हणाल्या शोपँ सगळेच वाजवतात, तू आठ वर्षं तैवानमध्ये राहतेस, इथल्या मातीतलं काहीतरी बसव की. इथलं म्हणजे तैवानचं आणि चीनचं, पण पियानोसाठी लिहिलेलं, साधारण गेल्या नव्वद वर्षांतलं.

म्हणून ही वही उघडली. आधीच सांगून ठेवते, मी संगीतातली कुणी नाही. चिप कंपनीत इंजिनियर आहे, मूळची सांगलीची. आमचे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यांच्या मांडीशी बसून भाता मारता मारता जे शिकले तेवढंच शिक्षण, पियानो इथं आल्यावर धरला. आजोबांचं एक दुखणं होतं आयुष्यभर, की पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही. १९४० मध्ये रेडिओनं पेटीवर बंदी घातली ती बऱ्याच अंशी याच कारणावरून, आणि आजोबा त्यावर चिडायचेही आणि "खरं आहे पण ते" असंही म्हणायचे.

आता गंमत बघा, इथलं जुनं संगीतही सगळं मींडेवर उभं आहे. अर्हू किंवा गूछिनसारखी तारांची वाद्यं घ्या, गाणं घ्या, सूर सरळ उभा राहतच नाही, कुठून तरी घसरत येतो आणि कुठंतरी घसरत जातो. आणि पियानो म्हणजे पेटीचा मोठा भाऊ, पट्टी दाबली की सूर ठोकळ्यासारखा तिथंच. मग या लोकांनी पियानोसाठी लिहिलं तरी कसं? मला तेवढंच शोधायचंय. प्रत्येक तुकड्यात मींडेचं काय केलंय ते इथं लिहीत जायचं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

कंदिलांचा सण. पहिला तुकडा ठरला, "गुराख्याची बासरी", १९३४. संगीतकार ह लूथिंग. आडनाव नुसतं "ह" आहे, मी तीन वेळा विचारलं, पुढं काही आहे का म्हणून, लाओशी हसत सुटल्या.

याची कथा भारी आहे. अलेक्झांडर चेरेपनिन नावाचा रशियन संगीतकार शांघायला आला, बघतो तर पोरं कॉन्झर्वेटरीत (संगीताच्या कॉलेजात) जर्मन धड्यांची घोकंपट्टी करतायत. त्यानं स्वतः स्पर्धा लावली, पियानोचा तुकडा लिहा पण तो चिनी वाटला पाहिजे. पहिलं बक्षीस या ह लूथिंगला. तुकडा जेमतेम तीन मिनिटांचा, सुरुवातीला दोन हातात दोन वेगळ्या चाली, म्हणजे उजव्या हाताला डावा साथ करत नाही, दोघंही आपापलं गातात, जशी दोन गुराखी पोरं ओढ्याच्या दोन काठांवर बसून एकमेकांना ऐकवतायत. मग मधे नाचाचा भाग, मग पुन्हा पहिलं, थोडी नक्षी घालून. चिनी मुलं आजही हा वाजवतात, कॉर्ड्सचे ढीग नाहीत म्हणून सोपा वाटतो आणि तिथंच फसतो माणूस.

मींड : छोटे कणस्वर. मुख्य सुराच्या आधी शेजारचा सूर चिमटीएवढा लावून सोडायचा. आजोबा नेमकं हेच करायचे.

रियाज अर्ध्यात सोडला कारण गल्लीतून देवळाची मिरवणूक गेली, पेईगुआन म्हणतात त्या वाद्यांची, सुओना आणि झांजा आणि घंटा, आपल्या सनई-चौघड्याला कुणी दहापट आवाज दिला तर जे होईल ते. खिडकीच्या काचा थरथरल्या. पियानोची झाकणं लावली आणि खाली जाऊन बघत उभी राहिले.

९ मार्च, शनिवार

आज लाओशींनी पाच सुरांचे पाच मोड शिकवायला घेतले, कुंग, शांग, ज्यूए, झ आणि यू. फळ्यावर लिहीत गेल्या, याच पाच सुरांत सा कुठं धरता त्यावर मोड बदलतो. मी बघतेय तर काय, हे तर आपलं मूर्छनेचं गणित! भूपाचे सूर घ्या. सा वर सा धरला तर भूप, तो कुंग. रे ला सा केलं की मधमाद सारंग, तो शांग. ग ला सा केलं की मालकंस, म्हणजे ज्यूए. प ला सा केलं की दुर्गा, झ. आणि ध ला सा केलं की धानी, यू. मी एकामागोमाग पाचही गाऊन दाखवले, मोडक्यातोडक्या आवाजात, तर लाओशी मागं रेलून बसल्या आणि म्हणाल्या, तुमच्याकडं या प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेळ पण आहे? मालकंसाला रात्र आहे म्हटलं. तर म्हणाल्या ज्यूए आमच्याकडं फार कमी वापरतात. आपला एवढा मोठा मालकंस, आणि इथं अगदी मागच्या बाकावर!

पण लगेच शहाणपणा उतरला. ह लूथिंगमध्ये मी नकळत डाव्या हातानं एके ठिकाणी भरीव कॉर्ड दिली होती, सवयीनं. त्या म्हणाल्या हे चर्च झालं. पाच सुरांच्या चालीखाली युरोपातली तीन-सुरी कॉर्ड टाकली की मधेच परका सूर घुसतो आणि मोड कोसळतो. म्हणून इथले लोक चौथ्या-पाचव्या सुरांवर कॉर्ड रचतात, सा-प, रे-प असले जोड. ली यिंगहाय नावाच्या संगीतकारानं १९५९ मध्ये हान लोकांचे मोड आणि त्यांची हार्मनी यावर आख्खं पुस्तकच लिहिलंय. त्याचा एक मोठा तुकडा बसवायचाय, पुढं येईल.

२३ मार्च, शनिवार

आजची नोंद लांबणार. ज्यांग वनये.

दोन आठवडे याच माणसात अडकलेय. जन्म १९१० चा, तैवानचा, तेव्हा तैवान जपानच्या ताब्यात. लहानपण काही चीनच्या शिआमनमध्ये, मग जपान, तिथं शिकला काय तर इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग (हे वाचल्यावर मी खुर्चीत ताठ बसले). आधी गायक म्हणून नाव झालं, मग लिहायला लागला. चेरेपनिननं इथंही हात दिला, त्याची पियानोची पुस्तकं छापली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये तेव्हा कलेच्याही स्पर्धा असायच्या, त्यात याच्या "तैवान नृत्य" या वाद्यवृंदाच्या रचनेला सन्माननीय उल्लेख मिळाला, पण जपानच्या नावावर. १९३८ मध्ये बीजिंगला गेला आणि मग तिकडचाच झाला.

पुढचं वाचवत नाही. युद्ध संपल्यावर जपान्यांचा माणूस म्हणून तुरुंगात. १९५७ मध्ये उजव्या विचारांचा म्हणून शिक्का, नोकरी गेली. सांस्कृतिक क्रांतीत हस्तलिखितं गेली, हातात झाडू आला. आणि तैवानमध्ये काय, तर हा लाल चीनमध्ये राहिला म्हणून इथं त्याचं नावच घ्यायचं नाही. म्हणजे जपानला तो तैवानी, चीनला जपानी, तैवानला कम्युनिस्ट. १९७८ मध्ये चीननं डाग पुसला, तेव्हा तो अलीशानच्या गाण्यांवर, म्हणजे तैवानच्याच डोंगरावर, रचना लिहीत होता, त्यातच आजारानं अंथरूण धरलं आणि १९८३ मध्ये बीजिंगमध्ये गेला. इथल्या लोकांना तो सापडला १९८१ च्या आसपास. त्यानंतर सगळ्यांनाच तो आपला वाटायला लागला, तो भाग मला जरा खुपतो.

मी घेतलेयत त्याच्या सोळा बॅगाटेल्समधले, म्हणजे छोट्या तुकड्यांमधले, तीन, ओपस (रचना क्रमांक) ८. एकेक तुकडा दीड-दोन मिनिटांचा. आणि हे ऐकायला गोड नाहीयेत हां. हंगेरीचा संगीतकार बार्टोक ऐकलेल्या तरुण पोराचं लिखाण आहे, पाच सुरांची चाल वर आणि खाली डाव्या हातात एकच ठोका हट्टानं चालू, मधेच शेजारशेजारचे दोन सूर एकदम दाबलेले, टोचणारे. पहिल्यांदा मला वाटलं छापताना चूक झालीय. लाओशी म्हणाल्या चूक नाही, देवळाच्या झांजा आठव. आणि खरंच की, त्या कंदिलाच्या सणाच्या मिरवणुकीत सुओना जशी सुराच्या जरा खाली-वर करकरत असते, ती करकर पियानोत आणायची तर दोन शेजारच्या पट्ट्याच एकदम दाबायला हव्यात.

मींड : वाकवता येत नाही ना, मग ज्या दोन सुरांमधून मींड जाते ते दोन्ही एकदमच वाजव, कान मधलं आपोआप भरतो. पेटीवर करून बघितलं असतं तर आजोबांनी हात झटकून दिला असता.

३ एप्रिल, बुधवार

सकाळी ७.५८ ला भूकंप. केंद्र हुआलियेनला, ७.२ चा. मी डबा भरत होते, सिलिंगचा दिवा झोपाळ्यासारखा झुलला आणि पियानो, आख्खा पियानो, आतून गुणगुणला, तारा हलून. तो आवाज विसरणार नाही. आईचे सांगलीहून अकरा मिस्ड कॉल. फॅब (आमचा चिपचा कारखाना) रिकामी केली होती, दिवसभर मशीनी तपासण्यात गेला. रियाज नाही.

१४ एप्रिल, रविवार

ली यिंगहायचा तुकडा हाती घेतला, "शीयांग श्याओगू", १९७५. अर्थ साधारण सांजवेळची बासरी आणि ढोल. मूळ चीज पीपा या तंतुवाद्याची, जुनी. तीच चाल १९२५ मध्ये शांघायच्या एका मंडळानं वाद्यमेळासाठी बसवली आणि "वसंत नदी, फुलं, चांदणी रात्र" अशा नावानं ती घरोघरी गेली. तिचं हे पियानोरूप.

सन बघितलं का? १९७५. सांस्कृतिक क्रांती चालूच होती. मला प्रश्न पडला होता की पियानोसारखं "साहेबी" वाद्य तेव्हा जगलं कसं काय. उत्तर असं की जवळजवळ मेलंच होतं. १९६७ मध्ये यिन छंगझोंग या पियानिस्टनं (१९६२ च्या चायकोव्स्की स्पर्धेत दुसरा आलेला) पियानो उचलून थेट तिआनानमन चौकात नेला आणि लोकांसमोर क्रांतीची गाणी वाजवली, की बघा, हे वाद्य जनतेच्याही कामाचं आहे. पुढं त्यानं ऑपेराच्या पदांना पियानोची साथ केली, मग १९६९-७० मधला "पीत नदी" कॉन्चेर्टो आला. एकदा दार किलकिलं झाल्यावर संगीतकार आत शिरले. शोपँ-बेथोव्हन बंद, स्वतःचं नवीन लिहिणं धोक्याचं, मग उरलं काय? लोकगीतं आणि जुन्या वाद्यांच्या चिजा पियानोवर आणायच्या. म्हणून त्या पाच-सात वर्षांत असल्या रूपांतरांचा ढीग दिसतो, वांग ज्यानझोंगचं "मेईहुआ सान नोंग" १९७३ चं, छेन फेईश्वनचं "शांत तळ्यावरचा शरदाचा चंद्र" १९७५ चं, आणि हे. आणि ह लूथिंग, तो बासरीवाला, त्याला त्याच काळात टीव्हीवर उभं करून सगळ्यांसमोर झोडलं, तर म्हाताऱ्यानं तिथंच उलटं ठणकावलं की तुम्ही खोटं बोलताय. कॅमेरे चालू असताना!

वाजवायला : सुरुवात एकाच सुरावर, आधी थांबून थांबून, मग जवळ जवळ, मग भराभर, ढोल लांबून येतोय तसा. पीपावर पाच बोटांनी तार सलग छेडतात, ते इथं एका पट्टीवर बोटं बदलून करायचं. माझं चौथं, करंगळीशेजारचं बोट ऐनवेळी संप करतं. दोन तास फक्त हाच एक सूर वाजवला, खालच्या आमांनी (घरमालकीण, ब्याऐंशी वर्षांच्या) वर येऊन विचारलं, पियानो बिघडला का?

मींड : गूझंग या तंतुवाद्यासारख्या सुरांच्या फिरत्या झालरी, पेडल अर्धवट दाबून ठेवायचं म्हणजे मागचे सूर तंबोऱ्याच्या आसेसारखे मागं रेंगाळतात. पाच सुरांतलंच सगळं असल्यामुळं एकमेकांत मिसळले तरी भांडत नाहीत. हे आजोबांकडं नव्हतं, पेडल.

२७ एप्रिल, शनिवार

चौ वेनचुंग. यांच्या तुकड्याचं नाव "विलोंना नवी पालवी" असं काहीसं होईल, १९५७ चा, अमेरिकेत लिहिलेला. वारेज या संगीतकाराचा शिष्य हा माणूस, पुढं कोलंबिया विद्यापीठात शिकवायचा आणि तान दुन, चेन यी, झोऊ लोंग या सगळ्या संगीतकार पोरांना तिथं घेऊन गेला तोही हाच.

मूळ चाल गूछिनची. आठव्या शतकातला कवी वांग वेई याची निरोपाची कविता आहे, यांग खिंडीच्या पलीकडं तुला ओळखीचं कुणी भेटणार नाही, आणखी एक पेला घे. निरोप देताना विलोची डहाळी हातात द्यायची पद्धत, कारण चिनीत विलो म्हणजे "लियू" आणि थांब म्हणजे पण "लियू".

गूछिनबद्दल थोडं लिहून ठेवते कारण मला हे वाद्य झपाटून बसलंय. सात तारा, पडदे नाहीत, कडेला तेरा ठिपके. आवाज इतका लहान की शेजारच्या खोलीत जाणार नाही. डाव्या हाताचं बोट तारेवरून घसरत जातं आणि सूर विझला तरी घसरतच राहतं, मग ऐकू येते ती फक्त बोटाची खसखस, आणि जाणकार ती खसखस पण ऐकतात. नोटेशनमध्ये कुठलं बोट, कुठली तार, कुठला ठिपका, कसं छेडायचं सगळं आहे पण लय लिहिलेलीच नाही! ती वाजवणाऱ्यानं शोधायची, एकेका चिजेला वर्षं जातात.

आता हे पियानोवर? चौनं काय केलंय, तर चाल साधीच ठेवलीय, जवळजवळ जशीच्या तशी, पण प्रत्येक सुराच्या आगेमागे, बहुतेक खालच्या सप्तकात, त्याला अर्ध्या सुरानं खेटून असलेला सूर हळूच लावलाय. ज्यांग वनयेची ती करकर नाही ही, ही सावली आहे. पियानो धूसर होतो. मला पहिल्या पानाला तीन आठवडे लागले आणि अजून खालचे सूर जास्त मोठे येतात, लाओशी म्हणतात ते ऐकू येता कामा नयेत, नसले तर चुकल्यासारखं वाटलं पाहिजे.

आणि आता जे सांगायला मी मगासपासून उतावीळ झालेय ते. गूछिनवरची "वाहतं पाणी" ही चीज, ग्वान फिंगहूनं वाजवलेली, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाच्या सोनेरी तबकडीवर गेली, साडेसात मिनिटांच्या वर आहे. आणि त्या तबकडीवर तिच्या लगेच पुढं काय आहे माहितीय? आपल्या केसरबाई केरकर! गोव्याच्या केरीच्या. "जात कहाँ हो", भैरवी, साडेतीन मिनिटं. म्हणजे अंतराळात आख्ख्या पृथ्वीच्या गोंगाटात हे दोन मींडवाले शेजारी शेजारी बसलेत. लाओशींना केसरबाई ऐकवल्या. पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या परत लाव, आणि पेन्सिल घेऊन चौच्या पहिल्या ओळीवर एक लांबलचक कंस काढला, इथून इथंपर्यंत श्वास घ्यायचा नाही.

५ मे, रविवार

हंगचूनला जाऊन आले, तैवानच्या दक्षिण टोकाला. जायला हायस्पीड रेल्वे आणि मग बस, बसमध्ये झोपच झोप. १९६७ मध्ये शू त्सांगहुई नावाचे संगीतकार (पॅरिसला शिकून आलेले) लोकगीतं गोळा करत गावोगाव फिरत होते, त्यांना इथं चेन दा भेटला. गरीब, एका डोळ्यानं अधू, मांडीवर दोन तारांचं युएछिन. गायला बसला की जागेवर जोडत जायचा, शाहिरासारखं. पुढं रेकॉर्ड निघाली, नाव झालं, आणि १९८१ मध्ये रस्ता ओलांडताना गाडीखाली गेला.

गावात एक बाई तेच "सू सियांग खी" गात होत्या, प्रत्येक कडव्याला चाल थोडी वेगळी. मी वहीत लिहायला गेले आणि दुसऱ्या ओळीतच पेन ठेवलं, मात्रांच्या रेघा कुठं पाडायच्या हेच कळेना. शब्द जसा बोलतात तसा सूर हलतो, कारण गाण्याची होक्क्येन भाषाच मुळात चढ-उतारानं बोलली जाते, सूर चुकला की शब्दच दुसरा.

येताना जेवायला फक्त भात-डुक्कर मिळालं. मी कांदा खाल्ला, हंगचूनचा कांदा प्रसिद्ध आहे.

१८ मे, शनिवार

मेईयू सुरू झाला, आलुबुखारांचा पाऊस म्हणतात याला. भिंती घामेजल्या, डीह्युमिडिफायर दिवसाला बादलीभर पाणी ओततोय, तरी पियानोच्या तीन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. ट्यूनर आला, फेल्ट सुकवून गेला, म्हणाला समुद्राकाठी राहून लाकडी वाद्य पाळायचं म्हणजे मांजर पाळण्यापेक्षा कठीण.

चेन यी सोडतेय. वाईट वाटतंय पण होत नाही. "बा बान" हा तिचा १९९९ चा तुकडा, बोटांचा चक्काचूर करणारा. पण त्याच्या मागचं गणित इथं लिहिल्याशिवाय राहवत नाही. बा बान ही जुनी वाद्यांची चाल, आठ ओळी, प्रत्येकी आठ मात्रा, मग चौसष्ट व्हायला हव्यात की नाही? तर नाही, अडुसष्ट आहेत. पाचव्या ओळीत चार जास्त, ती बारा मात्रांची. मी रात्रीच्या बसमध्ये बोटांच्या पेरांवर टाळी-खाली करत मोजत होते आणि पाचव्या ओळीला दरवेळी समेवर आपटत होते. असा मुद्दाम लंगडणारा आठचा ठेका आपल्याकडं एखाद्या तबलजीनं वाजवला असता तर आजोबांनी पेटी बंद केली असती, किंवा उठून मिठी मारली असती, सांगता येत नाही.

१ जून, शनिवार

तान दुन. "जलरंगातल्या आठ आठवणी", त्यातल्या तीन घेतल्यात. हूनानचा हा मुलगा, क्रांतीत भातशेतीवर राबलेला, १९७८ मध्ये बीजिंगला कॉन्झर्वेटरीत आला आणि घरची आठवण काढत हे लिहिलं, त्याचं ओपस १. पुढं २००३ मध्ये लांग लांग या पियानिस्टनं वाजवल्यावर जगभर गेलं. छान आहे, पटकन बसलं, लोकांना आवडणार. "उड्या मारणाऱ्या शेंगदाण्यांसारखं वाजव" असं लाओशी म्हणाल्या (तुकड्याच्या नावात कडधान्य आहे, पण असो). मींडेच्या बाबतीत नवीन काही नाही यात, कणस्वरच. जास्त लिहीत नाही.

८ जून, शनिवार

ड्रॅगन बोटीच्या सणाची जोडून सुट्टी. शेवटी एक छोटं काहीतरी तैवानी हवं म्हणून लाओशींनी "बांग छुन होंग" हातानं लिहून दिलंय, दोन पानं. वसंत वाऱ्याची वाट, १९३३ चं गाणं, चाल तंग यूश्येनची. हा मास्तर शेवटची वर्षं इथं शिनचू जिल्ह्यातच शाळेत शिकवायचा, १९४४ मध्ये गेला, अडतिसाव्या वर्षी. युद्धात जपान्यांनी त्याच्या प्रेमाच्या चालींवर सैन्यभरतीचे शब्द चढवले होते, ते त्याला ऐकावं लागलं. गाणं असंय की एकटी मुलगी रात्री दिव्याशी बसलीय, दाराशी कुणी आल्यासारखं वाटतं, उघडते तर वारा. चंद्र हसतो, फसलीस म्हणून. शिनचूत राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको, इथला वारा रोजच दार ठोठावतो.

मी आपली गुळगुळीत वाजवत होते, खिडकी उघडी, तर खालून आमांचा आवाज. गात नव्हत्या, ओरडत होत्या, तसं नाही तसं नाही! वर आल्या, चपला दारात, माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या आणि गायल्या. आवाज फाटलेला, पण तिसऱ्या सुरावर जाताना जी खालून उचल घेतली ना, ती लाओशींच्या कागदावर नाही, कुठल्याच कागदावर नसेल. मी पट्टीवर शोधायला लागले. कणस्वर लावला, त्या म्हणाल्या छे, हे उचकी लागल्यासारखं झालं. दोन्ही सूर एकदम दाबले ज्यांग वनयेसारखे, त्यांनी कान झाकले. खालचा सावलीचा सूर लावला, म्हणाल्या आता कुणीतरी मेलंय.

मग मी उठून कपाटातली पेटी काढली. तीन वर्षं उघडली नव्हती, भात्याला वास येत होता. पेटीवर तोच स्वर धरून भाता अगदी हळू सुरू केला, सूर सुरुवातीला दबका लागतो, मग हवा भरली की वर येऊन बसतो. आजोबा हे करायचे, मला आत्ता आठवलं. त्याला मींड म्हणत नव्हते, "सूर उठवायचा" म्हणायचे. आमा म्हणाल्या, हां, हे जवळ आलं.

पियानोला भाता नाही. पण उशीर करता येतो. चाल त्या सुरावर यायच्या आधी एवढासा थांबा, डावा हात आधी, उजवा जरा मागून आणि मऊ. एवढंच. आमांनी मान डोलावली नाही, पण गायला लागल्या बरोबर.

खाली कचऱ्याची गाडी आली तशी त्या पिशवी घेऊन पळाल्या. इथं कचऱ्याची गाडी बेथोव्हनचं "फ्यूर एलिझ" वाजवत येते, रोज संध्याकाळी, बेसूर स्पीकरवर.

१३ जून, गुरुवार

घड्याळ लावून वाजवलं, एकतीस मिनिटं. सहा कापायची. तान दुनचे दोन गेले, एकच ठेवला. ज्यांग वनयेचे तीनही ठेवलेत. क्रम : ह लूथिंग, ज्यांग वनये, ली यिंगहाय, तान दुन, चौ, शेवटी बांग छुन होंग. लाओशींना शेवट ली यिंगहायनं हवा होता, टाळ्या मिळतात म्हणून. मी ऐकलं नाही.

१६ जून, रविवार

झालं. साठेक लोक, बहुतेक पालक.

ह लूथिंग घाईत गेला. ली यिंगहायच्या ढोलाच्या सुराला चौथं बोट परत संपावर, दोन ठोके गळाले, पण पुढं सावरलं. ज्यांग वनयेला दुसऱ्या रांगेतल्या एका लहान मुलानं मोठ्यानं विचारलं, ती चुकली का? हॉल हसला, मी पण. चौला मात्र हॉल शांत होता, एसीचा आवाज येत होता, आणि खालचे सूर पहिल्यांदाच पाहिजे तेवढेच आले, एका ओळीपुरते. दुसऱ्या ओळीला मला त्याचा आनंद झाला आणि लगेच जास्त जोर पडला.

बांग छुन होंगला त्या जागी थांबले. आमा चौथ्या रांगेत होत्या. थांबल्याबरोबर तिथून एक सूर आला, खालून उचललेला, मग शेजारच्या दुसऱ्या आजीचा, मग पाच-सहा म्हाताऱ्या माणसांचा. माझा पियानो त्यांच्या मागं मागं गेला.

२२ जून, शनिवार

आमांनी पेटी खाली नेलीय, बघायला म्हणून. भाता उलटा मारतात. आज सकाळपासून खालून एकच सूर येतोय, हळूहळू उठणारा. वर जाऊन विचारावंसं वाटतंय, बिघडली का?

वर नाही, खाली.